हुकलेल्या दिवसाचं काय करता? (अनुभव धागा)

मागच्या वर्षी एका पहाटे मी पलंगाच्या कडेला बसले होते. एक बूट पायात, दुसरा हातात. नाडीला निरगाठ बसली होती आणि ती सोडवायला बोटंच हलेनात. वीस-पंचवीस मिनिटं तशीच बसून राहिले. नंतर रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळं व्यवस्थित निघालं. झालं होतं ते एवढंच, की सात महिने मी स्वतःला सुधारत होते. पाचला उठणं, ध्यान, व्यायाम, वीस पानं वाचन, नवी भाषा, रोजनिशी, साखर बंद, रात्री फोन बंद. आठ रकाने आखलेली वही होती. नववा रकाना विश्रांतीचा. त्यातही मी खूण करायचे, आणि ती राहिली की अपराधी वाटायचं.

बर्नआउट, म्हणजे सततच्या ताणाने पार गळून जाणं, ही नोकरी करणाऱ्यांची गोष्ट, असं मी धरून चालले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली त्याची नोंद घेतली ती कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून; आजार म्हणून नाही. पण हा शब्द मानसशास्त्रात रुजवणारे हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये जे लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. कुणाची सक्ती नाही, मनापासून आलेली माणसं, आणि तीच विझत चाललेली. ते वाचताना मला माझी वही दिसली.

मला नेमकं विचारायचंय ते असं: ठरवलेलं एखाद्या दिवशी झालं नाही, तर त्या दिवसाचं तुम्ही काय करता? माझं सगळं तिथेच बिघडलं होतं. तुमचे अनुभव लिहा, अर्धवट असले तरी चालतील.

*

मी तो दिवस भरून काढायचो. आज दहा पानं राहिली तर उद्या तीस. आठवड्याभरात शंभर पानांची थकबाकी, मग पुस्तकाकडे बघवेना. आता गेलेला दिवस गेला. उद्याची पानं वीसच.

*

मी धावते. वाढवणं सोपं असतं हो, प्रत्येक आठवड्याला थोडं थोडं. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय होती म्हणून कळलं तरी. नेहमी ५६-५७ असायची, ती आठवडाभर ६५ च्या खाली येईना. झोप तुटक, चिडचिड, पायऱ्या चढताना मांड्या जड. मी त्याचा अर्थ काय लावला? आपण कमी पडतोय, अजून मेहनत हवी. पुढे नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि दोन महिने घरी बसले.

आमच्या प्रशिक्षकांनी तेव्हा सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलंय. व्यायामाने शरीर झिजतं, भरून येतं ते विश्रांतीत. विश्रांती काढून घेतली की उरते नुसती झीज. आता दर चौथ्या आठवड्याला अंतर निम्मं करते. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे पहिले धावपटू रॉजर बॅनिस्टर यांची गोष्टही प्रशिक्षकांनीच सांगितली होती. १९५४ च्या वसंतात सरावात पाव मैलाच्या फेऱ्यांची वेळ काही केल्या उतरेना, तेव्हा ते सगळं सोडून मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला गेले. परत आल्यावर वेळ उतरली, आणि ६ मे रोजी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण. मला मैलाचा विक्रम मोडायचा नाहीये, पण डोंगरातले ते दिवस मला फार धीर देतात.

*

बाबांचं ऑपरेशन चालू होतं. रात्रीचे पावणेबारा. बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर भाषेचा धडा करत होतो, कारण रोज न चुकता धडा केल्याची ४१२ दिवसांची साखळी बाराला तुटणार होती. धडाही कुठला? पहिल्या आठवड्यातला, ‘हे सफरचंद आहे’ छापाचा, पटकन संपणारा. शेजारी आई गप्प बसून होती. तिने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, काही बोलली नाही.

बाबा बरे आहेत. ती साखळी मी पुढच्याच आठवड्यात मुद्दाम तोडली. चारशे दिवसांनंतर मला ती भाषा बोलता येत नव्हती, फक्त साखळी राखता येत होती. सवय एकवीस दिवसांत लागते वगैरे ऐकून सुरुवात केली होती, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मला त्या बाकावर बसण्याआधी कळायला हवं होतं. आता आठवड्यातून तीनदा एका माणसाशी त्या भाषेत बोलतो. अडखळतो, पण बोलतो.

*

धावणाऱ्या ताईंचं अगदी पटलं. मी व्हायोलिन शिकते, तिथेही तेच. सलग तीन तास घासलं की शेवटच्या तासात चुकाच पक्क्या होतात. माझा नियम: कान ऐकेनासा झाला की थांबायचं, घड्याळात कितीही वाजलेले असोत.

*

थोडं वेगळं लिहितो, रागावू नका. वर सगळ्यांना विश्रांतीने बरं वाटलं. मला नाही वाटलं. सगळे उपक्रम बंद केले, सुट्टी घेतली, पुष्कळ झोपलो, तरी महिन्याभराने तसाच. आवडतं गाणंसुद्धा नुसता आवाज वाटायचं. सगळ्यांनी सांगितलं, दमलायस, आराम कर. शेवटी बायको मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ते नैराश्य होतं, आणि स्वतःला सुधारण्याचा तो सपाटा मी त्याच्यापासून पळण्यासाठीच लावला होता. औषधं आणि समुपदेशन, दोन्हींनी उतार पडला. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसेल, तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. कळकळीने सांगतोय.

*

दादा, तुम्ही हे लिहिलंत, फार बरं केलंत. मीही तपासण्यांवर थांबले होते. पुढे जाऊन विचारायला हवं होतं.

कुणीतरी वहीचं काय केलं ते विचारलंय. फेकली नाही. आठातले दोन रकाने ठेवलेत, व्यायाम (आता नुसतं चालणं) आणि वाचन. विश्रांतीचा रकाना खोडला. जमलं नाही त्या दिवशी पूर्वी लाल फुली मारायचे, आता चौकोन कोरा सोडते. या आठवड्यात तीन कोरे आहेत. भाचीला ताप होता, तिच्या उशाशी बसून होते.