जपानी उदबत्तीला काडीच नाही, देवापुढं लावायची कशी?

विश्रामबागवाली (सांगली)
नमस्कार मंडळी, भाचा नागोयाला नोकरीला आहे, गणपतीला आला तेव्हा जपानी उदबत्तीचा डबा घेऊन आला. आत शेवयांसारख्या बारीक हिरवट कांड्या, वीतभरसुद्धा नाहीत आणि मधे बांबूची काडीच नाही. आमच्या पितळी उदबत्तीच्या घरात घातली तर सैल बसते, जरा दाबली की कट्कन मोडते. सासूबाई मात्र जाम खूश, कारण बांबू जाळू नये असं त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचल्यापासून आमच्याकडं साधी उदबत्ती बंदच आहे. पण वास म्हणाल तर देवघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही हो, आपली मसाला उदबत्ती कशी जिन्यातच कळते! तर ही लावायची कशी, पूजेला चालते का, आणि एवढी महाग का (भाचा किंमत सांगत नाहीये म्हणजे महागच असणार)?

मिरजेचा_तंबोरा
ताई, ती भोकात घालायची नसतेच, राखेत रोवायची. मी काही वर्षं ओसाकाला होतो, तिथं घराघरात पूर्वजांसाठी बुद्धाचं देवघर असतं आणि त्यापुढं राखेनं भरलेली वाटी. तुम्ही गोवरीची राख वस्त्रगाळ करून जाड बुडाच्या वाटीत भरा, दाबू नका, हलकी राहू दे. कांडी सरळ उभी राहते आणि राखेत गेलेला टोकाचा भाग सोडला तर सगळी जळते. तुमच्या मापाची असेल तर साधारण अर्धा तास. आणि मोडलेल्या टाकू नका, तिकडं जोदो शिन या बौद्ध पंथाचे लोक मुद्दाम मोडून राखेवर आडव्या ठेवतात. पेटल्यावर ज्योत फुंकून विझवायची नाही, हातानं वारा घालायचा, हे तर आपल्याकडं आजीनं शिकवलेलंच आहे.

शेवयांचं म्हणालात ते बरोबरच, कारण चंदन, लवंग, दालचिनी, जटामांसी असली पूड ताबू नावाच्या झाडाच्या सालीच्या भुकटीत मळतात (आपल्याकडं उदबत्तीत चिकटपणासाठी घालतात ते जिगट समजा), कणीक साच्यातून दाबून काढतात, सारख्या कापतात आणि वाऱ्यावर हळूहळू वाळवतात. उन्हात घाई केली की वाकल्या. हा धंदा सगळ्यात जास्त आवाजी बेटावर, देशातल्या 70 टक्क्यांच्या आसपास माल तिथलाच. 1850 च्या सुमाराला सुरू झाला म्हणतात, हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की मासेमारी बंद पडायची, मग रिकाम्या हातांना हे काम मिळालं आणि तोच वारा कांड्या वाळवायला कामी आला. त्याच बेटावर इ.स. 595 मध्ये समुद्रातून एक ओंडका वाहत आला, लोकांनी जळण म्हणून चुलीत घातला तर असा सुगंध सुटला की थेट राणीच्या दरबारात नेऊन दिला, अशी नोंद त्यांच्या जुन्या बखरीत आहे. तो ओंडका अगरूचा होता.

मोतीचौक_सातारा
आमचं पूजा साहित्याचं दुकान आहे म्हणून किमतीचं सांगतो. सगळा खेळ त्या अगरूचा. झाडाला जखम झाली, बुरशी लागली की झाड आतून काळी राळ धरतं, तेवढाच भाग सुगंधी, बाकी निरोगी लाकडाला वास नाही. राळ धरायला वर्षानुवर्षं लागतात आणि लोकांनी जंगलं ओरबाडून संपवली, म्हणून 1995 पासून मुख्य जातीवर आणि 2005 पासून त्या सगळ्या वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंधनं आहेत. त्यातला अव्वल माल म्हणजे क्यारा, व्हिएतनामकडचा, तो जपानमध्ये सोन्याच्या वर भाव खातो. चंदनाला मात्र ते अजून आपल्या म्हैसूरचंच उत्तम मानतात.

पण जपानी म्हटलं की सगळं नैसर्गिक, असं डोक्यातून काढा. रोजच्या वापराच्या स्वस्त डब्यात तिकडंपण सेंटच असतो. फरक एवढाच की आपल्याकडं बहुतेक माल म्हणजे कोळशाच्या बिनवासाच्या रॉ बत्त्या केमिकलमध्ये पातळ केलेल्या सेंटात बुडवून काढलेल्या, पाकीट फोडलं की दुकानभर वास आणि पेटवल्यावर नुसता धूर. गिऱ्हाईकपण पाकिटाला नाक लावूनच घेतं, जळल्यावर कशी वाटते कोण विचारतंय? तुमची उलटी आहे, डब्यात जेमतेम वास येईल आणि विझल्यावर खोलीत राहील. ती जिन्यात कळावी म्हणून केलेलीच नाही.

कृष्णाकाठ
+१. जपानी लोक तर गंध ऐकायचा म्हणतात. पंधराव्या शतकात शोगुन (तिथला लष्करी राज्यकर्ता) योशिमासाच्या काळात त्याची रीतसर कलाच झाली, कोदो, चहाच्या समारंभासारखीच. त्यात उदबत्ती नसते बरं का, राखेत निखारा पुरतात, वर अभ्रकाची चकती आणि तिच्यावर अगरूची नखाएवढी कपची, म्हणजे लाकूड जळत नाही, नुसतं तापतं, धूर जवळपास नाहीच. मला सगळ्यात भारी वाटतो तो गेंजीको नावाचा खेळ. पाच प्रकारच्या लाकडांच्या प्रत्येकी पाच पुड्या, त्या 25 मिसळायच्या, त्यातल्या कुठल्याही पाच एकेक करून फिरवायच्या. प्रत्येकानं वास घेऊन पाच उभ्या रेघा काढायच्या, जे वास सारखे वाटले त्यांच्या रेघा वरून जोडायच्या. अशा 52 आकृत्या होतात, किमोनोवरसुद्धा छापतात. आमच्या हळदीच्या पेठेतले जुने व्यापारी बसवले तर जिंकून येतील!

आणि तिथं घड्याळपण उदबत्तीचंच. झेन मठात एक उदबत्ती संपेपर्यंत ध्यानाची एक बैठक, गेशांची (नाचगाण्यानं पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या कलावंतिणींची) बिदागीसुद्धा किती उदबत्त्या जळल्या यावर ठरायची.

वाईकर
माहिती लई भारी, पण धूर तो धूर. आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे, डॉक्टरनी देशी-विदेशी सगळंच बंद करायला लावलंय. कमी धुराच्या जपानी मिळतात खऱ्या, पण धूर दिसत नाही म्हणजे बारीक कण नाहीत असं नाही, खिडकी उघडी ठेवाच. बाकी डासांची कॉइलपण याच उदबत्तीची लेक, 1890 मध्ये उएयामा नावाच्या माणसानं शेवंतीच्या जातीच्या फुलांची पूड घालून आधी सरळ कांडीच केली होती, ती लवकर संपायची, मग त्याच्या बायकोनं गुंडाळी करायची आयडिया दिली. क्रेडिट बायकोचं, नाव नवऱ्याचं 😄

विश्रामबागवाली (सांगली)
सगळ्यांचे आभार. वाटीत राख भरून लावली, मस्त उभी राहिली. मोबाईलनं डब्यावरचं वाचून बघितलं तर ब्याकुदान असं आलं. आता सासूबाईंचा नवा प्रश्न, यात प्राण्याचं काही नसतं ना, सोवळ्यात चालेल का?

मिरजेचा_तंबोरा
ब्याकुदान म्हणजे चंदन, बिनधास्त लावा. काही मिश्रणांत समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचं झाकण दळून घालतात हे खरं, वास धरून ठेवायला, त्याला काइको म्हणतात, तेवढं डब्यावर किंवा भाच्याकडून तपासा. पण सासूबाईंना हेही सांगा की आपल्या आयुर्वेदातल्या धूपात नख नावाचं द्रव्य येतं तेही तेच. म्हणजे त्या नियमानं आपलाही धूप बाद होईल, बघा कसं पटवता ते.

मोतीचौक_सातारा
नख घातलेला धूप आम्ही सज्जनगडला जाणाऱ्या भाविकांना कित्येक वर्षं विकतोय, आजवर कुणी विचारलं नाही. आता विचारतील 🙏