पार्थेनॉनमधलं जुनं लोखंड टिकलं, मग नवं का गंजलं?

नागनदी:
नागपूरजवळच्या एका हेमाडपंती देवळात मंडपाचे दोन दगड सरकलेत. लोखंडी पट्ट्या ठोकून सिमेंट भरायचं घाटतंय. 'ग्रीकांनीही लोखंडच वापरलं, ते अडीच हजार वर्षं टिकलं' असा दाखला देताहेत. पण तिथे, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात, गेल्या शतकातल्या दुरुस्तीनं संगमरवर फुटला म्हणतात. नेमका फरक कशात?

पाषाणभेद:
शिशात. पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३८ मध्ये उभं राहिलं. दगडांमध्ये चुना अजिबात नाही. शेजारचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडलेले, वरखालचे उभ्या खुंट्यांनी. आकड्यापेक्षा खाच मोठी कोरायची, आकडा बसवायचा आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नाही. शिसं मऊ, म्हणून भूकंपाचा हिसकाही तेच सोसतं. सांधेही असे की कडेची पट्टी घासून तंतोतंत जुळवलेली आणि मधला भाग किंचित खोल; पाणी आत शिरायला फटच नाही.

१८९८ पासून १९३३ पर्यंत अभियंते निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं डागडुजी झाली. त्यात शिसं गाळलं आणि लोखंड थेट सिमेंटात बसवलं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. खाचेत जागा नसली की दगड आतून फुटतो. १६८७ च्या दारूगोळ्याच्या स्फोटातून वाचलेले दगडसुद्धा असे तडकले, याचं फार वाईट वाटतं.

कोरडा सांधा:
तापमानही धरा. ४० अंशांच्या फरकात एक मीटर लोखंड जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतं. डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातलं आपलं ऊन पाहिलं, तर दगडात एवढा फरक सहज पडतो. १९७५ मध्ये अथेन्सला नेमलेल्या समितीनं गंजलेले आकडे काढून टायटॅनियमचे घातले. ते गंजत नाही आणि लोखंडापेक्षा कमी प्रसरण पावतं. शिवाय आकड्याची ताकद मुद्दाम बेतलेली असते: जोर आला तर आकडा तुटावा, दगड नाही. माझ्या मते खरी अक्कल इथेच आहे.

नागनदी:
मग लोखंडाभोवती शिसं ओतलं तर चालेल का, भाऊ?

पाषाणभेद:
नको. खाचेत थोडी ओल राहिली तरी वाफ होऊन तापलं शिसं अंगावर उडतं, धूरही विषारी. थंड होताना ते आकसतं, म्हणून वरून ठोकून घट्ट करावं लागतं. तो हात आज क्वचितच सापडतो. धातू लागलाच तर टायटॅनियम, नाहीतर ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील. भरायला चुना. देऊळ संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय छिन्नीसुद्धा लावू नका.

कोरडा सांधा:
आणि त्याआधी दगड सरकले का, ते शोधा. हेमाडपंती बांधणी कुसू-खाचेवर (एका दगडाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत) आणि स्वतःच्या वजनावर उभी असते. ती उगाच हलत नाही. छतावर पिंपळ उगवलाय का? जोतं काळ्या मातीवर असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जोतं वरखाली होतं. सांध्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून तारीख लिहा, एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर हालचाल चालूच आहे. मग आधी जोत्याभोवतीचं पाणी बाहेर काढा. तोवर कुठलाही आकडा तग धरणार नाही.