कला व्यवस्थापनात एमए : झाडीपट्टीचा हिशेबच पुढे ठेवा

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा पट्टा, तिथली नाटकं प्रसिद्ध. त्यातल्या वडसा भागातला बीकॉम मुलगा, नाटक मंडळीचा हिशेब सांभाळतो, त्याला परदेशात कला व्यवस्थापनात एमए करायचंय. नाट्यशास्त्राची पदवी नाही म्हणून अडेल का, असा त्याचा प्रश्न आहे. सहसा अडत नाही. व्यवस्थापनाचं प्रत्यक्ष काम तिथे मोलाचं धरतात.

अर्ज पडतात ते उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज). 'मला कलेची लहानपणापासून आवड' हे वाक्य खोडा. त्याऐवजी एका प्रयोगाचा ताळेबंद मांडा : गावच्या मंडळाने नाटक कंपनीला ठरवलेली रक्कम, इसार किती, मंडप, जनरेटर, लाइट-साउंड, तिकिटातून काय जमलं, उरलेलं गावाने कशाला लावलं. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक ठेवलं की गर्दी का वाढते, धान निघाल्यावरच हंगाम का सुरू होतो, हेही लिहा. प्रेक्षक आणि पैसा कसा फिरतो याची समज म्हणतात ती हीच! हिशेबाच्या वहीचं एखादं पान इंग्रजी तर्जुम्यासह हाताशी असू द्या.

लंडनच्या गोल्डस्मिथ्ससारखा ब्रिटिश एमए 1 वर्षाचा असतो, अमेरिकेत बहुधा 2 वर्षं. राहण्याचा खर्च त्या हिशेबाने धरा.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणाऱ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, आधी पाहा. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ 2011 चं. त्याआधीची पदवी असेल तर नागपूर विद्यापीठातच जावं लागेल. गुणपत्रिका आणि पासपोर्टवरच्या नावात वडिलांच्या नावाचा फरक असला तर तो अर्जाआधीच दुरुस्त करा, नंतर व्हिसाला फार त्रास होतो.