जुन्या पिझ्झा हटचा पॅन पिझ्झा घरी कसा जमवायचा?

प्रश्न: पिझ्झा हट भारतात १९९६ साली आलं. त्यांचा कुरकुरीत तळाचा, जाड पॅन पिझ्झा घरी करायचाय. केकच्या चकचकीत डब्यात तळ पांढराच राहतो. कोल्हापूरकर, काय चुकतंय?

उत्तर: भावा, डबाच चुकलाय! चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता परतवतं. दहा इंची, खोलगट बिडाचा तवा घे. दोन मोठे चमचे तेल. इथं कंजुषी केलीस तर पावच होणार. २०० ग्रॅम मैदा, १३० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, पाऊण छोटा चमचा मीठ. शेवटचं फुगणं तव्यातच.

उत्तर: हवा गार असली की पीठ फुगायला वेळ लागतो, घड्याळ बघू नका. ओव्हन २५० अंशांवर. चीज पार कडेपर्यंत. तरी तळ मऊच? तवा मंद गॅसवर दोन मिनिटं.