'द आउटसायडर्स' आजच्या नववीतल्या मुलांना वाचायला द्यावं का?

नेरुळची_वाचक

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत आम्ही तीन-चार आया मिळून आठवी-नववीच्या मुलांसाठी वाचनकट्टा चालवतो. दर शनिवारी संध्याकाळी एक पुस्तक घेऊन बसायचं, थोडं मोठ्याने वाचायचं, बाकीचं घरी. यंदा एस. ई. हिंटन यांचं 'द आउटसायडर्स' घ्यावं असं माझ्या मनात आहे. १९६७ ची कादंबरी. एकाच शहरातले दोन गट, पूर्वेकडचे गरीब 'ग्रीझर' आणि पश्चिमेकडचे गाड्या फिरवणारे श्रीमंत 'सोश'. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईवडील अपघातात गेलेले, घरात तिघे भाऊच.

एका आईचं म्हणणं, यात चाकू आहे, खून आहे, पोरं सिगरेटी ओढतात, हे कशाला? माझा मुलगा म्हणतो, एवढी जुनी अमेरिका, कोणाकडे मोबाइल नाही, आम्हाला काय कळणार? मी कॉलेजात असताना पोनीबॉयच्या मित्रासाठी, जॉनीसाठी, रडले होते, त्यामुळे माझं मत मलाच धरवत नाही. ज्यांनी हे पंधरा-सोळाव्या वर्षी वाचलं आणि मोठेपणी परत हातात घेतलं, त्यांनी कृपया सांगा. तेव्हा काय भिडलं आणि आता काय भिडतं?

सानपाड्याचे_बाबा

माझ्या मुलीने गेल्या वर्षी वाचलं. दोन दिवसांत संपवलं, पण तक्रारही केली की सगळी पोरंच पोरं, सोशांच्या गटातली चेरी सोडली तर मुलगी म्हणून कोणी नाही. तिची तक्रार मला पटली. जळत्या चर्चमधून लहान मुलांना बाहेर काढायचा प्रसंग मला स्वतःला जरा सिनेमासारखा वाटतो. तरी तिने वाचताना विचारलं होतं, "बाबा, यांच्यात कोणी मोठं माणूसच कसं नाही?" त्यावरून आम्ही रात्री बराच वेळ बोललो. द्या, असं माझं मत.

खैरणेकर

ताई, मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलो. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात होते. आमच्या घरात 'टोळी' हा रोजचा शब्द. टोळी म्हणजे वडिलांबरोबर ट्रक खाली करणारी माणसं. एकाला ताप आला तर बाकीचे त्याच्या वाटणीच्या गोणी उचलायचे. २००० साली मी अकरावीला वाशीच्या एका कॉलेजात गेलो, तिथे इंग्रजीच्या मॅडमनी स्वतःची प्रत वाचायला दिली. मी मराठी माध्यमाचा, शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचो. 'गँग' शब्द आला आणि माझ्या डोक्यात सरळ वडिलांची टोळी उभी राहिली. डॅली, टू-बिट, जॉनी ही ग्रीझर पोरं एकमेकांशी जशी वागतात ते मला त्यामुळेच पहिल्या पानापासून कळत गेलं.

तुमच्या मुलाला मोबाइलचं वाटतं ते ठीक. पण आमच्या कॉलेजात सोश होतेच. ते आम्हाला 'मार्केटची पोरं' म्हणायचे. कांद्याचा वास येतो म्हणून बाकावर सरकून बसायचे. मैदानावरून भांडण पेटलं तेव्हा मी एक दिवस वडिलांचा आकडा दप्तरात घालून नेला. गोणीत अडकवून ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी मुठीचा. वापरला नाही. पण पाठीवर दिवसभर त्याचं वजन जाणवत होतं, आणि खरं सांगतो, त्या वजनाने बरं वाटत होतं. जॉनीला एकदा सोशांनी बेदम मारलेलं असतं, तेव्हापासून तो खिशात चाकू ठेवतो. तो कशासाठी ठेवतो हे मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही.

रात्री दादाला आकडा सापडला. वडिलांची कंबर गेल्यावर बारावी अर्धवट टाकून तो त्यांच्या जागी टोळीत लागला होता. त्याने एक शब्द न बोलता माझ्या कानाखाली वाजवली. मी तसाच बाहेर पडलो आणि मित्राच्या गच्चीवर झोपलो. महिनाभराने पुस्तकात तो प्रसंग आला. पोनीबॉय रात्री उशिरा घरी येतो, थोरला भाऊ डॅरी त्याला थोबाडीत मारतो आणि पोनीबॉय पळून जातो. मी पुस्तक मिटून ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही. डॅरीचा मला इतका राग आला होता की काय सांगू.

दोन वर्षांपूर्वी परत वाचलं. डॅरी वीस वर्षांचा आहे. वीस! अकरावीत मला तो बाप्या माणूस वाटला होता. खेळातली स्कॉलरशिप मिळूनही त्याला कॉलेजला जाता आलेलं नाही, तो घरांची छपरं घालतो आणि छपराचे दोन-दोन गठ्ठे एकदम घेऊन शिडी चढतो. त्या ओळीवर मी थांबलो. दादा पन्नास किलोची गोण घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. गोणीच्या तरटाने त्याच्या मानेमागची कातडी काळी आणि जाड झाली होती, अजून तशीच आहे. मला मारलं त्या रात्री तो एकवीसचा होता.

त्याला फोन केला. चपराकीची आठवण काढली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आकडा माझ्याकडेच आहे. तुला परत दिलाच नाही."

म्हणून माझं मत असं की या पुस्तकात दोन वेगळ्या वयांना दोन वेगळे भाऊ भेटतात. मुलांना आज पोनीबॉय भेटू दे.

चाकूची काळजी करणाऱ्या ताईंना शेवटाकडचा बाटलीचा प्रसंग वाचून दाखवा. सोश समोर येतात तेव्हा पोनीबॉय काचेची बाटली फोडून हातात धरतो, आणि तेही जरासुद्धा न घाबरता. त्याच्या मित्रांनाच धास्ती वाटते की हाही आता निबर झाला. मग सोश निघून जातात आणि हा खाली वाकून काचा वेचायला लागतो, कोणाच्या गाडीचं टायर पंक्चर होऊ नये म्हणून. अख्खी कादंबरी मला त्या काचांमध्ये दिसते.

ऐरोलीची_शिक्षिका

खैरणेकर भाऊ, तुमचं वाचून मी कपाटातली प्रत काढली.

नेरुळच्या ताई, मुलांना आधी एवढंच सांगा की लेखिकेने हे लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या शाळेत शिकत होती. छापून आलं तेव्हा अठराची. मुलांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हणून समीक्षकांनी बाजूला सारू नये, यासाठी प्रकाशकाने नुसती आद्याक्षरं छापली. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुली ताठ बसतात, चेरीची तक्रार करणाऱ्यासुद्धा. मोठ्या माणसाने आठवून लिहिलेलं पौगंडावस्थेचं पुस्तक आणि त्या वयात बसून लिहिलेलं पुस्तक यांत फरक पडतो, पोरांना तो लगेच कळतो. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन सिनेदिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र पाठवलं होतं, यावर सिनेमा काढा म्हणून. त्यांनी १९८३ साली काढलाही.

आणखी एक. पहिलं वाक्य मुलांना वहीत लिहून ठेवायला सांगा आणि वही बाजूला ठेवा. शेवटच्या पानावर तेच वाक्य येतं. तेव्हाच वही उघडायची.

नेरुळची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांची हरकत होती त्यांना खैरणेकरांचं उत्तर पाठवलं. त्यांचा फोन आला, त्यांचे वडीलही मार्केटातच होते, धान्याच्या. पहिल्या शनिवारी मोठ्याने वाचायचं काम त्यांनीच मागून घेतलंय.

सानपाड्याचे बाबा, तुमच्या मुलीची प्रत महिनाभर मिळेल का? दोन आहेत, निदान चार तरी हव्यात. मी रविवारी स्टेशनला येऊन घेऊन जाईन.