बिगारी 'बिगर'मधून नव्हे, 'बेगार'मधून
बांधकामावरच्या 'बिगारी' या शब्दाची 'बिगर-कारागीर' अशी फोड केली जाते, ती पटत नाही. मूळ शब्द फारसी 'बेगार', म्हणजे बिनमोबदल्याचं, सक्तीचं काम. संस्कृत 'विष्टि'वरून आलेल्या 'वेठ'चा अर्थही तोच. 'वेठबिगार'मध्ये एकच जुलूम दोन भाषांतून सांगितलाय! कायद्याने ही पद्धत १९७६ साली बंद झाली.

आज आमच्या परभणीकडं मिस्त्रीच्या हाताखाली वाळू चाळणारा, माल कालवणारा, घमेली वर देणारा, सांगाल ते काम करणारा तो बिगारी. संध्याकाळी हक्काची मजुरी मोजून घेतो. शब्दातली सक्ती गेली, याचा मला फार आनंद वाटतो. सालगड्याला मात्र बिगारी म्हणू नका. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, तो वर्षभर एकाच मालकाकडं असतो.