जपानी फुटबॉल टीम्सची नावं इटालियन-स्पॅनिश का असतात? आणि ओसाकात कुठली टीम धरू?

लेफ्टबॅक_पुणे
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी पुढच्या महिन्यापासून सहा महिने ओसाकाला चाललोय. जे-लीगच्या, म्हणजे जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, मॅचेस यूट्यूबवर अधूनमधून बघतो, खेळ आवडतोच पण त्याहून जास्त ते गोलमागचं पब्लिक आवडतं, ९० मिनिटं उभं राहून गातात, टीम ०-३ ने मागे असली तरी थांबत नाहीत. तिथे जाऊन एक टीम मनापासून धरायची असं ठरवलंय. पण नावांचं काही कळत नाही. गांबा, सेरेझो, सानफ्रेच्चे, फ्रोंताले, अर्दिजा... जपानी टीम्स आहेत ना मग जपानी नावं का नाहीत? या नावांना काही अर्थ आहे का नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून ठेवलीत? आणि स्टेडियममध्ये नवीन माणसाने कुठे बसावं, काय पाळावं तेही सांगा प्लीज.

कावासाकीचा_सातारकर
अर्थ आहे, आणि बहुतेक वेळा तो त्या गावाशीच बांधलेला असतो. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे नावं का बदलली ते कळेल. १९९३ च्या आधी या सगळ्या कंपन्यांच्या टीम्स होत्या, योकोहामाची निस्सानची, उरावाची मित्सुबिशीची, हिरोशिमाची माझदाची, ओसाकात एक मात्सुशिताची आणि एक यानमारची. बेसबॉलमध्ये आजही तसंच आहे, योमिउरी जायंट्स, हानशिन टायगर्स, म्हणजे पेपरवाले आणि रेल्वेवाले. जे-लीग सुरू करताना पहिले चेअरमन कावाबुची साबुरो यांनी धरून ठेवलं की क्लबच्या नावात गावाचं नाव हवं आणि कंपनीचं नको. योमिउरीवाल्यांची फुटबॉल टीमही होती, त्यांच्याशी त्यावरून जाहीर भांडण झालं पण कावाबुची हटले नाहीत. मला विचाराल तर जपानी फुटबॉलमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

मग सगळ्यांना नवीन नाव शोधायची वेळ आली आणि तिथे लोकांनी खरंच डोकं लावलंय. तुमच्या ओसाकाचंच घ्या, गांबा म्हणजे इटालियनमध्ये पाय, आणि जपानीत गानबारु म्हणजे जिद्दीने झटणं, दोन्ही एका शब्दात. सेरेझो म्हणजे स्पॅनिशमध्ये चेरीचं झाड, साकुरा हे ओसाका शहराचं फूल, म्हणून जर्सी गुलाबी. काशिमा अँटलर्स का, तर काशिमा लिहिताना पहिलं अक्षरच हरणाचं आहे आणि तिथल्या जुन्या देवस्थानात हरणं पाळतात, मग हरणाची शिंगं. नागोयाच्या किल्ल्याच्या छपरावर सोन्याचे दोन मासे आहेत, शाचिहोको म्हणतात, शाची म्हणजे ओर्का, त्याचंच इंग्रजी नाव ग्राम्पस. ओकायामा ही मोमोतारोच्या गोष्टीची भूमी, त्यात कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी त्याच्या सोबत जातात, तर फाजियानो म्हणजे इटालियनमध्ये तो पक्षी. माझं सगळ्यात आवडतं साप्पोरोचं. होक्काइदोच्या भूमिपुत्रांना दोसान्को म्हणतात, ते उलटं वाचलं की कोन्सादो, त्याला पुढे स्पॅनिश ओले जोडलं, झालं कोन्सादोले!

तीन_बाण
सानफ्रेच्चेचं मी सांगते, हिरोशिमात चार वर्षं राहिलेय. सान म्हणजे जपानीत तीन आणि फ्रेच्चे म्हणजे इटालियनमध्ये बाण. इथला जुना सरदार मोरी मोतोनारी, त्याने तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला तो मोडला, तीन एकत्र दिले ते मोडेनात अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या लाकडाच्या मोळीचीच गोष्ट की! मला पहिल्यांदा कळली तेव्हा एकदम शाळेतला वर्ग आठवला.

आणि अशीच एक टीम आहे कोफूची, व्हानफोरे, फ्रेंचमध्ये वारा आणि जंगल. तिथला जुना सरदार ताकेदा शिंगेन, त्याच्या निशाणावर वाऱ्यासारखा वेगवान, जंगलासारखा शांत वगैरे लिहिलेलं असायचं त्यावरून. २०२२ च्या एम्परर्स कपची, म्हणजे जपानच्या बाद फेरीच्या कपची, फायनल सानफ्रेच्चे आणि कोफू यांच्यातच झाली. कोफू तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथेही १८ वे. ४२ वर्षांचा यामामोतो हिदेओमी, २००३ पासून त्याच क्लबमध्ये, एक्स्ट्रा टाइममध्ये त्याच्या हाताला बॉल लागून आम्हाला पेनल्टी मिळाली, त्यांच्या गोलकीपरने ती अडवली, आणि मग शूटआउटमध्ये शेवटची जिंकून देणारी पेनल्टी मारली कोणी तर त्याच यामामोतोने. आम्ही हरलो, मी रडले, पण तो माणूस बॉलकडे चालत गेला ते अजून डोळ्यासमोर आहे.

योको_हामा
नावांच्या धाग्यावर फ्ल्यूगेल्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. योकोहामा एफ. मारिनोस मधला तो एफ कशाचा ते बऱ्याच नवीन लोकांना माहीत नसतं. तो फ्ल्यूगेल्सचा आहे, जर्मनमध्ये पंख, कारण मागे विमान कंपनी एएनए होती. दुसरा मालक बांधकाम कंपनी, तिने पैसे काढून घेतले आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये एके दिवशी जाहीर झालं की क्लब मारिनोसमध्ये विलीन होणार. खेळाडूंना, सपोर्टर्सना काही विचारलं नव्हतं. सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले, काही उपयोग झाला नाही. आणि तीच टीम १ जानेवारी १९९९ ला एम्परर्स कपची फायनल खेळली, शिमिझू एस-पल्सला २-१ हरवून कप जिंकली, आणि संपली. कप उचलला त्या दिवसानंतर ती टीमच नाही, विचार करा.

त्यातल्या बऱ्याच लोकांना मारिनोससाठी ओरडायचं नव्हतं. ज्याला इतकी वर्षं हरवायचं म्हणून गायलो त्यालाच आपलं कसं म्हणायचं? मग सपोर्टर्सनी स्वतः वर्गणी काढून नवीन क्लब उभा केला, योकोहामा एफसी. बोधचिन्हावर फिनिक्स पक्षी. २००७ मध्ये तो पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला. म्हणून सांगतो, टीम धराल ती विचार करून धरा, इथे लोक ती सहजासहजी सोडत नाहीत.

मडगावचो_मिडफिल्डर
कंपनीच्या नावावरून आठवलं, आमच्या गोव्यातही धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही सगळी घराण्यांची नावंच की. तरी लोक जीव टाकायचे. पण फ्ल्यूगेल्सचं वाचून वाटतं की मालकाच्या मर्जीवर टीम असणं धोक्याचंच. लेफ्टबॅक, तुम्ही पुण्याचे ना, अराता इझुमी आठवतो का? जपानी खेळाडू, अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबच्या सिंगापूरच्या टीममध्ये खेळून भारतात आलेला. बालेवाडीला पुणे एफसीकडून खेळायचा, नंतर भारताचं नागरिकत्व घेऊन भारताकडूनही खेळला.

क्योतोतली_मीनल
तुम्ही ओसाकाला येताय तर एकदा क्योतोची मॅच बघाच. टीमचं नाव आहे ‘सांगा’ (Sanga). हा शब्द संस्कृतातला संघ आहे, बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे इथे आला. आणि जपानीतच ‘सांगा’ म्हणजे डोंगर-नद्या, तोही अर्थ नावात धरलाय. आपण रोज भारतीय संघ, मुंबई संघ म्हणतो, आणि इथे दहा-बारा हजार जपानी लोक ढोलाच्या तालावर तोच शब्द ओरडत असतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आधी नाव पर्पल सांगा होतं, २००७ ला पर्पल गेलं पण जर्सी जांभळीच आहे. स्टेडियम २०२० पासून कामेओकात, स्टेशनला लागून, मैदान इतकं जवळ की खेळाडू एकमेकांना हाका मारतात ते ऐकू येतं.

बाकी पाळायचं म्हणाल तर गोलमागची जागा फक्त उभं राहून गाणाऱ्यांची, तिथे बसून मोबाइल बघत बसू नका. विरुद्ध टीमचा रंग घालून होम बाजूला जायचं नाही, ओसाकाच्या डर्बीला, म्हणजे गांबा-सेरेझो मॅचला, तर अजिबातच नाही. कॅन आणि काचेची बाटली आत नेता येत नाही, गेटवर कागदी कपात ओतून देतात. खायला स्टॉल भरपूर असतात पण शाकाहारी असाल तर ताकोयाकीत ऑक्टोपस असतो हे लक्षात ठेवा, पोळीभाजी डब्यात न्या. मॅच संपली की आपला कचरा आपण वेगवेगळ्या पिशव्यांत टाकून निघायचं, सगळेच करतात.

लेफ्टबॅक_पुणे
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. अराता इझुमीला बालेवाडीत बघितलंय, आठवण काढलीत बरं वाटलं. गांबाचं स्टेडियम देणग्यांमधून बांधलंय असं वाचलंय त्यामुळे ते बघणारच, पण संघ हा शब्द वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. मीनलताई, सांगाच्या गोलमागे एकटा गेलो तर चालेल का, गाणी येत नाहीत एकही?

क्योतोतली_मीनल
चालेल की. ढोलवाल्याच्या जवळ उभे राहा, हाफटाइमपर्यंत निम्मी पाठ होतात. आल्यावर इथेच लिहा, आम्ही दोघं-तिघं मराठी असतोच.